आपण म्हणजे कोण?

लातूर जिल्हा झाला तेव्हा आमच्या गल्लीत पेढे वाटले, पण पेढ्यावर प्यायला पाणी नव्हतं. माझा पेढा घशाशी अडकला, तेव्हा आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, फुलपात्राचा तळ भिजेल इतकं पाणी ओतून दिलं आणि जिल्ह्याचा पेढा जरा चावून खावा असा सल्ला दिला.

मी नांदेडची. नांदेड पहिल्यापासून जिल्हा, आणि वर उशाला गोदावरी. लग्न होऊन आले तेव्हा लातूर साधा तालुका होता, त्यामुळे जिल्ह्याची मुलगी तालुक्यात पडली असं मी आमच्या ह्यांना येताजाता ऐकवत असे. जिल्हा झाला त्या दिवशी हे धान्याच्या मोंढ्यातल्या आडतीवरून दुपारीच घरी आले, दारात कमरेवर हात ठेवून उभे राहिले आणि म्हणाले, "आता बोला." मी म्हटलं, आधी नळाला पाणी आणा, मग बोलते. नळ त्या दुष्काळात नुसताच भिंतीतून बाहेर आलेला होता. ह्यांची टोपी अडकवायला तेवढा कामाला यायचा.

पाणी होतं ते गल्लीच्या तोंडाशी, लिंबाखालच्या हापशाला. तोही बिचारा थकला होता. काही घागरी भरल्या की त्याच्या तोंडातून नुसती हवा यायची, आणि बोअरमध्ये पुन्हा पाणी साठेपर्यंत सगळ्यांना थांबावं लागे. याला आमच्याकडं हापसा दम घेतो म्हणत. हापसा दम घ्यायला लागला की बायका लिंबाखाली बसत, आणि तेवढ्या वेळात गल्लीतल्या एकाही घराची अब्रू शिल्लक राहत नसे.

रांगेत बायका उभ्या नसत, घागरी असत. आपली घागर नंबरला लावायची आणि भाकरी टाकायला घरी जायचं. मागं कुणीतरी ती पुढं सरकवायला हवी. सरकली नाही तर मागच्या घागरी तिला वळसा घालून पुढं जात, आणि त्यावर भांडता येत नसे, कारण रिवाजच तसा होता. ज्याला सरकवणारं माणूस नाही त्याची घागर जिथल्या तिथं. आत्याबाई म्हणत, "जी घागर सरकिवती ती आपली. बाकी समद्या शेजारणी." मला वाटायचं, हे पाण्यापुरतं झालं.

नव्या जिल्ह्याबरोबर कचेऱ्या आल्या, कचेऱ्यांबरोबर साहेब आले, आणि साहेबांना राहायला बंगले काही अजून बांधलेले नव्हते. म्हणून आमच्या समोरचं रिकामं घर पुण्याच्या एका साहेबानं भाड्यानं घेतलं. साहेब कायम दौऱ्यावर. त्यांची बायको माझ्याच वयाची, उंच, आणि बोलताना प्रत्येक शब्द धुऊन पुसून ठेवल्यासारखी बोलणारी. गल्लीनं तिचं नाव साहेबीण ठेवलं. तिला मूलबाळ नव्हतं, मलाही नव्हतं अजून, आणि त्यावर हापसा दम घेताना भरपूर चर्चा झाली होती.

पहिल्याच सकाळी साहेबीण लाल प्लास्टिकची बादली घेऊन आली, रांगेच्या शेवटी ठेवली, आमच्याकडं बघून हसली आणि एसटीत रुमाल टाकून जागा धरावी तशी खुशाल घरी निघून गेली. थोड्या वेळानं वारं सुटलं आणि बादली गडगडत गल्लीच्या दुसऱ्या टोकाला गेली. बायका हसून हसून लिंबाला टेकल्या. मी उठले, बादली आणली, तिच्यात एक दगड टाकला आणि माझ्या घागरीमागं लावली. माझी घागर सरकवली की तिची बादली सरकवत गेले.

ही काही माझी भूतदया नव्हती. आदल्या दिवशी समोर सामान उतरत होतं तेव्हा मी खिडकीत होते. दोन ट्रंका उचलताना हमालाची कंबर मोडायची वेळ आली, आणि आत दगड भरलेत काय, असं त्यानं विचारलं. साहेबीण म्हणाली, पुस्तकं आहेत. मला ते दगड हवे होते. नांदेडला मी कॉलेजचं एक वर्ष केलं होतं आणि तिथल्या वाचनालयातल्या कादंबऱ्या कपाटाच्या क्रमानं वाचत चालले होते. मधल्या कपाटापाशी आले आणि लग्न ठरलं. सासरी वाचायला काय, तर आडतीवर येणारा तूर-हरभऱ्याच्या भावाचा पेपर आणि वाण्याच्या पुडीचा कागद. गोष्टीचा शेवट असलेला कागद गूळ बांधून दुसऱ्याच कुणाच्या घरी गेलेला असायचा.

संध्याकाळी साहेबीण बादलीतला दगड परत करायला आली. खरंच, दगड धुऊन आणला होता. पाणी नव्हतं त्या दिवसांत तिनं दगड धुतला, हे आत्याबाई पुढं कित्येक वर्षं लोकांना सांगत. मी म्हटलं, दगडाच्या बदल्यात मला एक पुस्तक द्या. ती इतकी खूश झाली की दोन पायऱ्या एकदम उतरून घरी गेली आणि निळ्या कव्हराची एक कादंबरी घेऊन आली. नुकतीच निघालेली आहे, म्हणाली, आणि दोन मैत्रिणींची आहे. एकच अट, शेवट आधी वाचायचा नाही.

ती कादंबरी मी पदराखाली धरून हापशावर नेली. माझं वाचन बघून शेजारच्या भाभींना राहवेना. त्यांचे मियाँ गंजगोलाईच्या बाजारात बांगड्या विकायचे, आणि भाभींना दुसऱ्याच्या हातात काय आहे हे कळल्याशिवाय घास जात नसे. त्या म्हणाल्या, एकटी एकटी क्या पढती, हमको भी सुना. तेव्हापासून हापसा दम घ्यायला लागला की मी मोठ्यानं वाचायची. वाचणं ऐकायला मिळतं म्हणून घरी जाणाऱ्या बायका बसून राहू लागल्या. काहींच्या भाकरी त्यामुळं करपल्या, असं मला नंतर कळलं.

खरं सांगते, पहिली पन्नास पानं मला राग राग आला. त्या कादंबरीत काहीच घडत नाही. खून नाही, पळून जाणं नाही, एवढंच काय, कुणी कुणाला एक थोबाडीतही देत नाही. शहरातल्या एका इमारतीत खालीवर राहणाऱ्या दोघी. शाळेपासूनच्या मैत्रिणी. एक बँकेत नोकरीला, सतत बोलणारी. दुसरी घरीच शिवणाचे क्लास घेणारी, विचारल्याशिवाय न बोलणारी. गल्लीनं त्यांची पुस्तकातली नावं पहिल्याच दिवशी रद्द केली आणि बोलकी आणि मुकी अशी नवी ठेवली. दोघींनी मिळून एकदा समुद्र बघायला जायचं, हा त्यांचा जुना बेत. दरवर्षी ठरायचा, दरवर्षी काहीतरी निघायचं. मग बोलकीच्या मुलीचं लग्न होतं आणि मुकी त्या लग्नाला जात नाही. का, ते ती सांगत नाही. बोलकी विचारत नाही. खालीवर राहून दोघी वर्षानुवर्षं जिन्यात एकमेकींना टाळतात. बस, एवढंच.

पण हळूहळू काय झालं कोण जाणे, आम्ही सगळ्या त्या जिन्यात राहायला गेलो. हापशावर गल्लीतल्या भानगडी बंद पडल्या आणि त्या दोघींवर भांडणं सुरू झाली. आत्याबाईंना सकाळी लिंगपूजेपुरतं वाटीभर पाणी राखून ठेवावं लागे, ते राखता राखता त्या मला विचारत, मुकी लग्नाला का गेली नसंल गं. जणू मला वेगळं काही कळलं होतं. भाभींनी शेवटी त्या दोघींना आमच्या रिवाजाला लावून बघितलं. मुकी घागर सरकवेल काय? सरकाएगी, भाभी म्हणाल्या, पर बोलेगी नै. आणि बोलकी? बोलकी पण सरकवेल, आत्याबाई म्हणाल्या, पण संध्याकाळपर्यंत चार गल्ल्यांना सांगंल. त्यापेक्षा चांगलं परीक्षण त्या पुस्तकाचं कुठं छापून आलं असेल असं मला वाटत नाही.

रोज वाचून झालं की मी साहेबिणीकडं जायची. तिला ऐकायचं असायचं, आज बायका काय म्हणाल्या. ती पोट धरून हसायची आणि मग गंभीर होऊन म्हणायची, हे मला पुण्यात कधी सुचलं नसतं. आम्ही एकमेकींना अहो-जाहोच करायचो. तिच्या घरात कोऱ्या चहाला साखर जास्त आणि पाणी कमी. गल्लीत मला सून म्हणून सगळे ओळखत, ह्यांची बायको म्हणून ओळखत, नांदेडची म्हणूनही ओळखत. मला काय वाटतं असं कुणी विचारत नसे. साहेबीण विचारायची. तेवढ्यासाठी मी दिवसभर काम उरकत असे.

आणि नेमकं तेव्हाच तिच्या सासूबाईंनी पुण्याहून निरोप धाडायला सुरुवात केली की पाणी येईपर्यंत इकडे ये. साहेबही म्हणू लागले, जा. मला धसका बसला. मागच्या गल्लीतली अशीच एक साहेबाची बायको महिनाभरासाठी म्हणून गेली होती. ती आली नाहीच, उलट तिचे साहेबच खटपट करून बदली घेऊन तिच्याकडं गेले. पुण्याला गेलेलं माणूस पाण्यासाठी परत लातूरला येईल, हे कुणी शेंबडं पोरही मानलं नसतं. म्हणून मी साहेबिणीला म्हटलं, अंघोळीच करायच्या ना, मग पुण्याला कशाला, माझ्या माहेरी चला. गोदावरीत डोहापुरतं का होईना पाणी आहे, आमच्या वडिलांच्या आडाला पाणी आहे, अर्धापूरची केळी खा, आठ दिवस राहा आणि माझ्याबरोबर परत या. ती हसून बघू म्हणाली. आमच्याकडं बघू म्हणजे बघू. मी त्याच दिवशी आत्याबाईंच्या कानावर घालून ठेवलं.

तर अशा आनंदात मी शेवटचं प्रकरण वाचायला घेतलं. त्या दिवशी हापसा शहाण्यासारखा लवकर दमला. बोलकी अखेर जिना चढून मुकीच्या घरी जाते. मुकी चहा करते. दोघी बसतात. कुणी लग्नाचा विषय काढत नाही, कुणी काहीच बोलत नाही. कप रिकामे होतात. मुकी उठते, पंखा बंद करते, आणि म्हणते, "आपण आता निघावं."

आणि पुस्तक संपतं.

मग भाभींनी माझ्या पाठीत आनंदानं धपका घातला. गेल्या, दोघी गेल्या. अपन बोले तो दोनों, त्या म्हणाल्या. मुकी अखेर बोलली आणि बोलली ती समुद्राला जायचं बोलली. पंखासुद्धा बंद केला, म्हणजे घर बंद करून निघाल्या, उधळी बाई नाही ती. आत्याबाईंनी डोळ्यांना पदर लावला. समुद्राला जाताना शिदोरी काय नेली असेल यावर वाद झाला. मलाही भरून आलं होतं. इतकी वर्षं खालीवर राहून ज्या दोघी एक शब्द बोलल्या नाहीत त्यांना एका साध्या वाक्यात एकत्र निघताना बघून मला त्या लेखकाचे पाय धरावेसे वाटले.

मी भरलेली घागर तशीच दारात ठेवली आणि साहेबिणीकडं पळाले. काय सुंदर शेवट, दोघी निघाल्या की हो, असं मी सांगत सुटले. ती माझ्याकडं बघत राहिली. मग हळूच, धुतलेल्या शब्दांत म्हणाली की माझा काहीतरी गैरसमज झालाय. मुकीनं बोलकीला घालवून दिलं. सबंध पुस्तकभर त्या दोघी एकमेकींना अगं-तूगं करतात. शेवटी ती आपण म्हणते, परक्या माणसाला म्हणावं तसं. तिथं त्यांची मैत्री संपली. एकत्र जायचं असतं तर निघू या म्हणाली असती.

मी म्हटलं, आमच्याकडं माणसं उठताना आपुन निघावं आता असंच म्हणतात, आणि दोघं मिळून उठतात. ती म्हणाली, पण कादंबरी पुण्याची आहे. मला ते फार लागलं. माझा राग मोठा आणि लवकर येणारा.

"म्हणजे तुमच्याकडं माणसाला घराबाहेर काढतात तेसुद्धा मान देऊन काढतात?"

"हो," ती म्हणाली. "म्हणूनच ते जास्त लागतं."

मला तिथं थांबता आलं असतं, पण मी कुठली थांबते. तुमचं नांदेडचं बघू हेसुद्धा असंच पुण्याचं असेल, असं मी म्हणाले. तिनं पंख्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं नाही, आणि म्हणाली की तिला बहुतेक पुण्याला जावं लागेल. मी निळं पुस्तक तिच्या टेबलावर ठेवलं आणि घरी आले.

रात्री जेवताना आत्याबाईंनी माझ्याकडून काढून घेतलेला सगळा तंटा ह्यांना सांगितला. ह्यांनी जन्मात कादंबरी वाचली नव्हती, पण मोंढ्यात माल येत नसल्यामुळं ह्यांना न्याय द्यायला भरपूर वेळ होता. ह्यांनी तिसराच निकाल दिला. आपुन म्हणजे मी. मोंढ्यात कुणीही सांगेल, आपुन कुणाला भीत न्हाई म्हणजे मी भीत नाही. तेव्हा मुकी स्वतःच निघून गेली. तिच्याच घरातून? मी विचारलं. आणि जाईल कुठं, असंही मीच विचारलं. हे म्हणाले, बायका जातात कुठंबी. आत्याबाईंनी त्यांच्या ताटात आणखी एक भाकरी टाकून त्यांचं तोंड बंद केलं.

नंतरचे दिवस वाईट गेले. हापशावर वाचायला काही उरलं नव्हतं. शेवटाचा निकाल मी घराबाहेर कुणाला सांगितलाच नाही. भाभी अजून त्या दोघींना समुद्रावर फिरवत होत्या, त्यांना परत जिन्यात आणायचं माझ्या जिवावर आलं. साहेबीण बादली लावून खाली मान घालून परत जायची. मी लिंबाच्या पलीकडच्या बाजूला बसायची. पण राग आपल्या जागी आणि नंबर आपल्या जागी. तिची बादली मी सरकवत होते. फक्त हातानं नाही, पायानं. हातानं सरकवली असती तर ती माझी माघार ठरली असती.

एके सकाळी ट्रंक बांधून साहेबीण निघाल्याची बातमी भाभींनी आणली. आत्याबाई चुलीपाशी दशम्या करत होत्या, दुधात भिजवलेल्या, त्या दुष्काळातही वाटेवर टिकतील अशा. प्रवासाला निघालेल्या माणसाला रिकाम्या हातानं कसं धाडायचं, म्हणाल्या, आणि शेंगांच्या चटणीबरोबर चांगली जाडजूड शिदोरी बांधून माझ्या हातात दिली. एवढी शिदोरी दोन माणसांना दोन दिवस पुरली असती. मला वाटलं, पुणं लांब आहे.

मी गेले. साहेबीण बांधलेल्या ट्रंकेवर बसली होती. तिनं चहा केला. मी खुर्चीत बसले, ती पुन्हा ट्रंकेवर. चहा पिताना मला बोलायला इतकं होतं की त्यातलं एकही पुढं येईना. परत या, एवढं म्हणायचं होतं. पण नाही आली तर, या भीतीनं जीभ वळत नव्हती. तीही गप्प. टेबलावर निळं पुस्तक होतं. मी मनात म्हटलं, बघ, ह्याच्यात काही घडत नाही म्हणत होतीस ना.

कप रिकामे झाले. तिनं घड्याळाकडं बघितलं, उठली, पंखा बंद केला, आणि म्हणाली, "आपण आता निघावं."

पुण्याचं व्याकरण मी तोवर पुरतं शिकले होते. परक्या माणसाला म्हणावं तसं. मान देऊन. मी कप खाली ठेवला, शिदोरी टेबलावर ठेवली आणि ताठ मानेनं दाराबाहेर पडले. रडायचं ते घरी जाऊन रडायचं असं ठरवलं होतं, पण गल्ली अरुंद असूनसुद्धा तेवढं धरवलं नाही.

समोर आमच्या दारात आत्याबाई माझी कापडी पिशवी घेऊन उभ्या होत्या. पिशवीतून माझ्या हिरव्या साडीचा काठ बाहेर आला होता. त्यांनी माझं तोंड बघितलं आणि त्यांना कळेना.

"रडायलीस का गं? माहेराला चाललीस, सासरला न्हाई."

मागून साहेबीण धावत आली, एका हातात शिदोरी, दुसऱ्या हातात कुलूप. तिचाही चेहरा गोंधळलेला. "अहो, चुकलं का माझं?" ती म्हणाली. "मी तर तुमच्या भाषेत म्हटलं."

मग दोघींनी मिळून सांगितलं, एकमेकींची वाक्यं तोडत. आदल्या दिवशी साहेबीण आत्याबाईंना भेटली होती. आपली बादली रोज पुढं कशी असते, कोण सरकवतं, असं तिनं विचारलं. आत्याबाईंनी लपवलं नाही. पायानं सरकिवती, त्या म्हणाल्या, पर सरकिवती. त्यावर साहेबीण तिथंच हापशाच्या ओट्यावर बसली आणि सुनेला आपल्याबरोबर आठ दिवस नांदेडला पाठवाल का, असं तिनं विचारलं. आत्याबाईंनी ह्यांना न विचारता हो म्हणून टाकलं. पुण्याला नकाराचा निरोप कसा द्यायचा ते साहेबांनी बघायचं ठरलं. मला मात्र सांगायचं नाही, ते वाक्य म्हणूनच सांगायचं, ही साहेबिणीची हौस. आमच्यात आपुन म्हंजे दोघं, हे आत्याबाईंनी तिला दोनदा घोकून दिलं होतं. आणि मी, लातूरची सून आणि नांदेडची लेक, ते वाक्य पुण्याचं म्हणून ऐकून बसले.

ट्रंक मागंच राहिली. तिच्यात पुस्तकंच होती. धूळ बसू नये म्हणून तिनं बांधली होती.

ती पुढं साहेबांची बदली होईपर्यंत समोरच्या घरात राहिली, आणि आमचे नंबर एकामागं एक लागत गेले. निळं पुस्तक जाताना तिनं मला दिलं. शेवटच्या पानावर चहाच्या कपाचा गोल डाग आहे. मुकीनं बोलकीला घालवलं, का दोघी निघाल्या, का आमचे हे म्हणतात तशी ती एकटीच कुठं गेली, हे लेखकाला विचारलं तर तो काय सांगेल माहीत नाही. मला आता त्याची गरजही वाटत नाही.

त्या दिवशीची नांदेडची गाडी मात्र मला लख्ख आठवते. हे स्टँडवर पोचवायला आले होते आणि तालुक्याची माणसं जिल्ह्याला चालली असं मी नेहमी म्हणायची ते त्यांनी आधीच उलटं करून म्हणून घेतलं, जिल्ह्याची माणसं जिल्ह्याला चालली. आम्हाला दोघींची सीट मिळाली, मी आतल्या बाजूला, ती मधल्या वाटेकडं. चाकूरपर्यंत आम्ही हसतच होतो, आणि हसणं थांबलं की तिला माझं दारातलं तोंड आठवायचं. दशम्या चाकूरलाच सोडून खाल्ल्या. बाहेर दोन्ही बाजूंची रानं काळी, उघडी पडलेली होती, पण गाडीत कुणीतरी पावशेर पेरू घेऊन चढलं होतं आणि सगळ्या गाडीला त्याचा वास येत होता.

अहमदपूरला गर्दी चढली. कंडक्टर ओरडून थकला. एक म्हातारी कोंबडीची पाटी डोक्यावर धरून आमच्या सीटपाशी येऊन उभी राहिली आणि गाडी हलली तशी डोलायला लागली. साहेबिणीनं तिची पाटी आधी स्वतःच्या मांडीवर घेतली, कोंबडी तिच्या नव्या कोऱ्या साडीकडं संशयानं बघू लागली. मग ती माझ्याकडं वळली. इतके महिने अहो-जाहो करणारी, शब्द धुऊन पुसून ठेवणारी ती, मला कोपरानं ढोसून म्हणाली,

"सरक की गं जरा."

मी सरकले.